पाव्हणं, भीड आणि चौदा दिवसांची ट्रायल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे सरळ आकडे आहेत. कुठल्यातरी हिशेबी माणसानं फूटपट्टी घेऊन आखावी तशी वस्ती. तरी इथं कुणाला पत्ता विचारला तर आकडा निघत नाही. "मारुतीच्या देवळाजवळ या आणि तिथनं फोन करा," एवढाच पत्ता. फोन केला की तो माणूस स्वतः चपला घालून चौकात न्यायला येतो, आणि नेता नेता अर्ध्या वाटेत चहा पाजतो.

अशाच एका गल्लीत, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि दर दहा दिवसांचं बिल. माझं काम मराठी लिहिण्याचं. बटणावर काय लिहायचं, सचिवानं चुकीचा आकडा घातला तर त्याचा अपमान न करता ते कसं सांगायचं, वगैरे. मालकांना सगळे 'दादा' म्हणतात.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माणसं आपापल्या गावी गेली ती गेलीच. एकजण गडहिंग्लजला, एकजण इचलकरंजीला, ग्राहकांचे फोन घेणाऱ्या वहिनी कागलला, एक पोरगा हिंजवडीत. टेस्टिंगवाल्या ताई ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर राहतात, पण "सगळेच घरातनं करतात तर मीच का जिना चढू," असं म्हणून त्याही रिमोट झाल्या. त्यामुळे मिटिंग चालू असताना भाजीवाल्याचा कांदा-बटाटा आम्हाला दोनदा ऐकू येतो. एकदा खिडकीतून, आणि क्षणभरानं, इस्त्री फिरवल्यागत सपाट होऊन, ताईंच्या माइकमधून. दादा दोन्ही वेळा खिडकीकडं बघतात.

तर प्रश्न असा उभा राहिला की, अशा पांगलेल्या माणसांकडून काम करून घ्यायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं.

हा प्रश्न जगभर पडलेला आहे, हे मला ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टनं 2022 साली एक पाहणी जाहीर केली. त्यात 87 टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही व्यवस्थित काम करतो; आणि 85 टक्के साहेब म्हणाले, माणसं अशी विखुरल्यापासून त्यांच्या कामाची खात्री वाटणं अवघड झालंय. तिकडचा साहेब संशयापोटी सॉफ्टवेअर घेतो. आमच्या दादांना संशय अजिबात नव्हता. काम झालेलं नाही याची त्यांना पक्की खात्री होती. ते बोलून दाखवायची सोय नव्हती, एवढंच.

कारण गडहिंग्लजचा प्रोग्रॅमर हा दादांच्या बायकोचा मावसभाऊ. त्याला ऑफिसात सगळे 'पाव्हणं' म्हणतात, आणि तो दादांना 'दाजी' म्हणतो. आता दाजींनी पाव्हण्याला झापायचं कसं? सकाळी झापलं तर दुपारपर्यंत ते मावशीला कळणार, आणि संध्याकाळी दादांना घरी भाकरी मिळेल, पण ती वाढताना ताट जरा जोरात आपटणार. कागलच्या वहिनी म्हणजे दादांच्या वर्गमित्राच्या मंडळी. हिंजवडीचा पोरगा हा दादांना शाळेत गणित शिकवलेल्या सरांचा मुलगा, आणि सर अजून रस्त्यात भेटले की दादा गाडीवरून उतरतात. सगळा कर्मचारीवर्ग असा नात्यागोत्यानं, उपकारानं आणि ओळखीनं बांधलेला. दादांचा फोन ऐकण्यासारखा असे. सुरुवात "पाव्हणं, जेवलासा काय?" अशी. मग पाऊस. मग उसाला तोड कधी आली. मग आवाज थोडा खाली आणून, "ते बिलाचं तेवढं…" पलीकडून "हुतंय की दाजी!" मग दादा घाईघाईनं, "न्हाई, तसं काय गडबड न्हाई. मावशींना नमस्कार सांगा." फोन ठेवून आमच्याकडं वळून म्हणत, "चांगला दम दिलाय."

भीड भिकेची बहीण म्हणतात. दादांना ती बहीण दारात दिसायला लागली होती. म्हणून त्यांना असं काहीतरी हवं होतं, जे त्यांच्या वतीनं, त्यांचं नाव न घेता, लाल अक्षरात 'मुदत संपली' असं पाव्हण्याला सांगेल. दाजींनी म्हटलेलं नाही, यंत्रानं म्हटलंय. यंत्राला मावशी नसते.

ते 'बिलाचं तेवढं' म्हणजे काय, तेही सांगतो. दूध संस्थेतल्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आमचं बिल छापताना 'सकाळ'मधला ळ रकान्याच्या कडेला कापला जाई. उत्पादकाच्या हातात पडे तो कागद म्हणे, 'सका 4.5 लिटर'. 'संध्याकाळ'चंही तेच, 'संध्याका'. एका सचिवानं वहिनींना विचारलं, "ह्ये सका कोण? आमच्या संस्थेत ह्या नावाचा सभासद न्हाई." हा ळ दुरुस्त करायचं काम पाव्हण्याकडं होतं. पुढं आम्ही जेवढी सॉफ्टवेअरं बदलली तेवढ्या सगळ्यांत हा ळ आमच्याबरोबर राहायला आला.

पहिलं बिऱ्हाड व्हॉट्सॲपवर. 'ऑफिस' नावाचा ग्रुप, मग 'ऑफिस नवीन', मग 'ऑफिस फक्त कामाचं'. या शेवटच्यात पहिल्याच सकाळी वहिनींनी दत्तगुरूंचा फोटो टाकला, कारण गुरुवार होता. आणि त्यावर नमस्काराचे हात जोडायला सगळ्यात आधी दादाच आले. व्हॉट्सॲपवर 2014 पासून निळ्या टिका आहेत. दोघांच्या बोलण्यात त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. म्हणून पाव्हणं ग्रुप उघडतच नसत. वरच्या पट्टीत दिसेल तेवढं वाचत. दादांना हे कळल्यावर ते मुद्द्याची गोष्ट मेसेजच्या पहिल्या चार शब्दांत लिहायला लागले, आणि पाव्हण्यांनी पट्टीच बंद केली.

मग हिंजवडीच्या पोरानं स्लॅक सुचवलं. त्याची जन्मकथा मला फार आवडली. कॅनडा-अमेरिकेतली काही मंडळी 'ग्लिच' नावाचा एक ऑनलाइन खेळ करत होती. खेळ चालला नाही, 2012 साली बंद केला. पण तो करताना एकमेकांशी बोलायला त्यांनी जे साधन बनवलं होतं, तेच पुढं बाजारात आणलं, आणि 2021 साली सेल्सफोर्सनं ते 27.7 अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे मुख्य काम बुडालं आणि कामाच्या वेळेतल्या गप्पा विकल्या गेल्या. ही गोष्ट दादांना सांगितल्यावर ते बराच वेळ आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते. आमच्याकडं विकण्याजोगा माल केवढा पडून आहे, असाच विचार असणार.

स्लॅकच्या फुकट योजनेत 2022 पासून मागचे नव्वद दिवसच दिसतात, त्याआधीचं पैसे भरल्याशिवाय दिसत नाही. कर्मचाऱ्यांनी हे साधन एकमतानं उचलून धरलं. मृगाला दिलेला शब्द गणपतीपर्यंत आपोआप दिसेनासा होतो, याहून माणुसकीची सोय काय असणार? "पाव्हणं, तुम्ही जूनमध्ये म्हणाला होता," असं दादा म्हणायचे आणि वर वर सरकवत जायचे, आणि तिथं जूनच नसायचा.

त्यानंतर ट्रेलो आलं. पाट्या, रकाने आणि एका रकान्यातून दुसऱ्यात ओढायची कार्डं. ही कार्डांची पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली. ताइइची ओहनो नावाच्या इंजिनिअरनं युद्धानंतरच्या काळात ती बसवली. सुट्या भागांबरोबर कार्ड फिरायचं, भाग वापरला गेला की कार्ड मागं जायचं आणि मागचा माणूस तेवढाच माल पुढं पाठवायचा. आमच्या शेजारी शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर असलेले एक काका राहतात. दादांनी त्यांना मोठ्या उत्साहानं लॅपटॉपवर ती पाटी दाखवली. काकांनी चष्मा लावून नीट बघितली, एक कार्ड बोटानं इकडून तिकडं ओढून बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडं कवापासनं हाय की ह्ये. फक्त आमच्यात कार्डाबरोबर माल पण हलतोय."

आमच्या पाटीवर सुरुवातीला तीन रकाने होते. करायचंय, चालू आहे, झालं. आठवड्याभरात 'चालू आहे' आणि 'झालं' यांच्या मध्ये 'झाल्यातच जमा' असा चौथा रकाना उगवला. तो कुणी काढला हे कुणीच सांगितलं नाही, पण सगळ्यांची कार्डं रात्रीतून तिथं मुक्कामाला गेली. ळचं कार्ड सर्वांत वर.

जिराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आमच्याकडं थोडक्यातच टिकलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीनं 2002 मध्ये ते काढलं आणि त्याचं नाव गोजिरावरून घेतलं. गोजिरा म्हणजे जपानी सिनेमातला तो शहरं तुडवत जाणारा प्राणी, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. त्यात प्रत्येक कामाला निकड ठरवायला पाच पायऱ्या मिळतात, अगदी वरच्यापासून अगदी खालच्यापर्यंत. आमच्याकडं सगळी कामं सगळ्यात वरच्या पायरीवर गेली. प्रत्येक तक्रारीमागं कुठल्या ना कुठल्या गावचे चेअरमन असतात, आणि चेअरमनला दुसऱ्या पायरीवर बसवायची छाती आमच्यापैकी कुणाची नाही. खालच्या चार पायऱ्या कोऱ्याच राहिल्या.

एवढं झाल्यावर दादांनी ठरवलं की आता शास्त्रशुद्ध निवड करायची. एक्सेलमध्ये तक्ता केला, सगळ्यांना मिटिंगला बसवलं. पार्किन्सन नावाच्या एका इंग्रज लेखकानं 1957 च्या पुस्तकात एका समितीचं वर्णन केलंय. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च ती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण फारसं कुणाला त्यातलं कळत नसतं. आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. त्यांनी आमची मिटिंग बघितली असती तर वेगळं पुस्तक लिहिलं असतं. संस्थांचा सगळा डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहणार, हा विषय चहात साखर ढवळेपर्यंत संपला. "राहील कुठंतरी," असं सर्वानुमते ठरलं. त्यानंतर काम पूर्ण झाल्यावर पडद्यावर काय उमटावं, यावर वाद सुरू झाला. हिंजवडीच्या पोराला रॉकेट हवं होतं. वहिनींना फूल. इचलकरंजीचा डिझायनर म्हणाला, रंग आधी ठरवा. टेस्टिंगवाल्या ताई म्हणाल्या, "काम पूर्ण झाल्यावर ना? मग कसली घाई आहे?" हे मिटिंगमधलं एकमेव मुद्द्याचं वाक्य होतं आणि नेमका तेव्हा कांदा-बटाटा दुसऱ्यांदा गेला.

दराच्या रकान्यात सगळीकडं एकच भाषा होती, माणशी आणि महिन्याला. शिवाय बऱ्याच ठिकाणी डॉलरात. दादांनी पहिल्यांदा विचारलं, "एका नावावर तिघं बसली तर?" मग झोहोचं नाव निघालं. रुपयात दर, चेन्नईची कंपनी, आणि तिचे संस्थापक श्रीधर वेम्बू तेनकाशीकडच्या खेड्यात राहून काम करतात, हे वाचून दादा हळवे झाले. "म्हणजे त्यो बी गावाकडंच हाय की आपल्यागत!" पण गावाकडं राहून कंपनी चालवणारा मालक आणि गावाकडं राहून ळ दुरुस्त न करणारा पाव्हणा यांतला फरक मनात आला असावा, तो रकाना त्यांनी तसाच सोडला.

निवड होईपर्यंत काम थांबायला नको म्हणून आम्ही चौदा दिवसांच्या फुकट ट्रायलवर राहायला लागलो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. चौदा दिवस एका ठिकाणी, पंधराव्या दिवशी नवा ईमेल, नवा पासवर्ड, नवी पाटी आणि "स्वागत आहे!" म्हणत उसळणारे रंगीत कागदाचे तुकडे. हे स्थलांतर मात्र अतिशय शिस्तीत व्हायचं. याद्या, जबाबदाऱ्या, वेळापत्रक, सगळं चोख. पाव्हण्यांनी तर जुन्या ठिकाणची कार्डं नव्या ठिकाणी आपोआप हलवणारा प्रोग्रॅम लिहिला, तोही मुदतीच्या आधी. त्यात ळचं कार्ड एकदाही हरवलं नाही.

मधल्या एका ट्रायलमध्ये पाळत ठेवणारी सोय होती. दर थोड्या वेळानं पडद्याचा फोटो काढायचा, माउस किती हलला ते मोजायचं आणि आठवड्याला माणसागणिक टक्के लावायचे. हा धंदा मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येसुद्धा पाचेक मिनिटं हात हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि अमेरिकेत वेल्स फार्गो या बँकेनं 2024 मध्ये कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्यावरून डझनावर लोकांना कामावरून काढलं. आमच्याकडं हिंजवडीच्या पोरानं सरांनी दिलेलं जुनं एचएमटी घड्याळ टेबलावर उताणं ठेवलं आणि त्यावर माउस ठेवला. खाली सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं आपण चाललोय. बाप गणिताचे शिक्षक, पोरगा वाया गेला असं कोण म्हणेल?

पहिल्या आठवड्याचा निकाल लागला. घड्याळ पहिलं आलं. पाव्हणं दुसरे आले, कारण त्यांच्या मुलाला सुट्टी होती आणि लॅपटॉपवर गाड्यांची शर्यत खेळायला मिळत होती. सर्वांत खाली, जवळपास शून्यावर, कागलच्या वहिनी. आता वहिनींचं काम कसं चालतं ते मी एकदा त्यांच्याकडं मुक्कामाला असताना बघितलंय. पहाटे सहाला संकलन सुरू झालं की फोन सुरू होतात. वहिनी चुलीपुढं. परातीत पीठ, फोन स्पीकरवर, डब्याला टेकून उभा. "हां, बोला सचिवसाहेब. फॅट सगळ्यांची एकच दाखवतंय? थांबा, मागचा सॅम्पल तसाच ऱ्हायला आसंल. पाणी मारून घ्या मशीनला. मारलं? परत एकदा मारा." भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आता नवीन सॅम्पल घाला. न्हाई, बटण दाबू नगासा अजून. लाईट हिरवी हुईस्तवर थांबा." भाकरी उलटली, विस्तवाकडं सरकवली. "आली हिरवी? दाबा." पलीकडून सचिवांचा आवाज, "साडेसहा आली वैनी!" इकडं भाकरी टम्म फुगलेली. तेवढ्यात पुढचा फोन. आठ वाजेपर्यंत साऱ्या तालुक्याचं दूध मार्गी लावून वहिनी लॅपटॉप उघडायच्या, तर तिथं त्यांच्या नावापुढं लिहिलेलं असायचं, 'निष्क्रिय'.

दादांनी तो अहवाल बघितला आणि त्या दिवशी त्यांना खरोखर राग आला. पाळत बंद झाली. वहिनींना कुणीच काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच होतं. पुढच्या गुरुवारी त्यांनी दत्ताचा फोटो सगळ्या ठिकाणी टाकला.

शेवटी एका कंपनीच्या विक्रेत्या मॅडम पुण्याहून व्हिडिओवर आल्या. दादांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, "मी बोलणार. निम्म्यात आणतो बघा." मॅडम हुशार होत्या. लाल अक्षरं, हिरवी अक्षरं, मुदतीच्या आदल्या दिवशी सूचना, मुदत टळल्यावर रोज सूचना, सगळं दाखवलं. पाव्हणं गडहिंग्लजहून शांतपणे बघत होते. मॅडम दरावर आल्या. दादा खुर्चीत पुढं सरकले, घसा साफ केला आणि सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, गाव कुठलं आपलं?"

"सर, मी पुण्यातच. मूळ भुदरगड."

"भुदरगडात कुठं?"

इथून आमच्या हातातून सूत्रं गेली. मॅडमनी गावाचं नाव सांगितलं. त्या गावात पाव्हण्यांची आत्या दिलेली निघाली. पाव्हण्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून माइक चालू केला. घर देवळाच्या पुढचं का मागचं, यावर चर्चा झाली. मॅडमचे आजोबा आणि आत्याचे सासरे एकाच भाऊबंदकीतले. मॅडमच्या बोलण्यातला पुणेरी ताठा गळून पडला, 'सर' जाऊन 'दाजी' आलं, आणि तिथंच दादांचा खेळ संपला. घरच्या लेकीशी पैशावरून घासाघीस करायची? दादांनी वर्षाची योजना घेतली, पूर्ण दरानं. आम्ही नऊजण, बारा जागा घेतल्या, कारण "पोरीला टार्गेट आसतंय."

सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ळच्या कार्डावर रोज सकाळी लाल अक्षरं येतात, पाव्हणं त्यावर अंगठा देतात, आणि दादांना बोललं गेल्याचं समाधान मिळतं.

उरलेल्या तीन जागांपैकी एक दादांच्या दहावीतल्या मुलीला गेली, एक तशीच आहे. तिसरी त्यांनी गल्लीतल्या तरुण मंडळाच्या खजिनदाराला दिली, मोठ्या मनानं, फुकट. पोरगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राजारामपुरीत गणपतीच्या आगमनाची मिरवणूक म्हणजे काय असते हे सांगायला नको. साऊंडचा ॲडव्हान्स, मांडवाचा परवाना, मूर्तीचे पैसे, सगळ्याचे दिवस ठरलेले. त्यानं एका दुपारी बसून सगळी पाटी मांडली, माणसागणिक कामं लावली, तारखा टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या मोबाइलवर, आमच्या सगळ्यांच्या देखत, लाल अक्षरात सूचना उमटली, 'मागील वर्षाची वर्गणी : मुदत संपली'.

त्या पोराला दादांची भीड नव्हती. त्याला दादांचं नातं लागत नाही. दादांनी अंगठा दिला. पोरानं अंगठ्याखाली लिहिलं, "काका, अंगठा नको, आकडा टाका." संध्याकाळच्या आत दादांनी पावती फाडली आणि कार्ड हिरवं झालं, वर रॉकेट उडालं. कंपनीच्या खात्यावर सूचना आल्या दिवशीच पूर्ण झालेलं काम म्हणून अजून तेवढंच एक दिसतं.